लिथियम बॅटरीतील सेलांचा समतोल : एक परिचय

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

विजेवर चालणाऱ्या वाहनांचा विषय निघाला की लोक बहुधा दोन प्रश्न विचारतात. एकदा चार्ज केल्यावर गाडी किती किलोमीटर जाते, आणि चार्ज व्हायला किती तास लागतात? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या एका गोष्टीवर पुष्कळशी अवलंबून असतात, तिची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. ती गोष्ट म्हणजे बॅटरीच्या पेटीत बसवलेल्या अनेक सेलांचा आपापसातील समतोल. प्रस्तुत लेखात या समतोलाची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. अर्थशास्त्र आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा हिने बॅटरीवर लेख का लिहावा, असा प्रश्न आमच्या प्राध्यापकांना आणि वर्गबंधुभगिनींना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आमच्या घराचा चरितार्थ एका ई-रिक्षावर चालतो. त्या रिक्षाच्या बॅटरीवरील सर्व सूचना इंग्रजीत आहेत आणि घरात त्या वाचू शकणारी मी एकटीच. वाचल्यानंतर त्यांचा अर्थ घरच्यांना मराठीत सांगणे हे ओघाने माझ्याकडेच आले. जे घरी सांगितले तेच येथे थोडे व्यवस्थित मांडत आहे.

सेल आणि पॅक

आपण ज्याला सरसकट ‘लिथियम बॅटरी’ म्हणतो ती एक वस्तू नसून अनेक सेलांचा समूह असतो. लिथियम-आयन सेल १९९१ साली जपानमधील सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. हे तंत्र विकसित करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज लिथियमवर चालणाऱ्या पुष्कळ ई-रिक्षांत जो सेल असतो तो लोह-फॉस्फेट जातीचा. या पदार्थाविषयीचा महत्त्वाचा शोधनिबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांच्या बरोबरीने त्याच्या लेखकांत पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लोह-फॉस्फेटच्या एका सेलचा सर्वसाधारण विद्युतदाब ३.२ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर रिक्षाची मोटार चालणार नाही. म्हणून १६ सेल एकापुढे एक जोडतात. एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, असे करत गेले म्हणजे सर्वांच्या दाबांची बेरीज होते आणि ५१.२ व्होल्ट मिळतात. शाळेच्या पुस्तकात आपण जिला एकसर जोडणी म्हणून शिकलो, ती हीच. प्रत्येक सेलची क्षमता १०० अँपिअर-तास धरली तर अशा पॅकमध्ये सुमारे पाच युनिट वीज साठते.

मोठ्या पॅकमध्ये समांतर जोडणीही असते. २००८ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या टेस्ला रोडस्टर या मोटारीत एकूण ६,८३१ लहान सेल होते. त्यांतील ६९-६९ सेल समांतर जोडून एकेक गट केला होता आणि असे ९९ गट एकसर जोडले होते. समांतर जोडलेल्या सेलांची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे तळाशी जोडलेल्या हौदांतील पाण्याप्रमाणे त्यांची पातळी आपोआप सारखी राहते. समतोलाचा खरा प्रश्न एकसर जोडणीत उद्भवतो. म्हणजे त्या मोटारीत ६,८३१ नव्हे, तर ९९ ठिकाणचा समतोल राखावा लागे आणि आपल्या रिक्षात तो १६ ठिकाणी राखावा लागतो.

सोळा घागरींचे उदाहरण

एकसर जोडणीचा एक नियम आहे. तिच्यातील प्रत्येक सेलमधून एकाच वेळी सारखाच प्रवाह जातो. हा नियम घागरींच्या उदाहरणाने चटकन समजतो.

अशी कल्पना करा की, सोळा घागरी ओळीने मांडल्या आहेत. नळ सोडला की प्रत्येक घागरीत अगदी सारखेच पाणी पडते आणि पाणी काढताना प्रत्येकीतून सारखेच काढावे लागते. अट अशी की, एकही घागर ओसंडता कामा नये आणि एकही पूर्ण कोरडी पडता कामा नये. सर्व घागरी सारख्या भरलेल्या असतील तर काहीच अडचण नाही. परंतु पंधरा घागरी काठोकाठ आणि सोळावी मात्र वीस तांबे कमी, अशी स्थिती असेल तर काय होईल? भरताना पंधरा घागरी काठाला आल्या की नळ बंद करावा लागेल, सोळावी तशीच अपुरी राहील. काढताना ती सोळावी सर्वांआधी तळ गाठेल आणि त्याच क्षणी बाकीच्या पंधरांतूनही पाणी घेणे थांबवावे लागेल. त्या पंधरांत प्रत्येकी वीस तांबे पाणी असूनही ते आपल्या कामाचे नाही.

लिथियमच्या पॅकचे नेमके असेच होते. सेल पूर्ण भरण्याची मर्यादा लोह-फॉस्फेट जातीत ३.६५ व्होल्ट आहे आणि रिकामा होण्याची साधारण २.५ व्होल्ट. वरची मर्यादा ओलांडली तर आतील द्रव विघटन पावू लागतो आणि ग्राफाइटच्या पट्टीवर लिथियम धातूचा थर बसतो. खालची मर्यादा फार ओलांडली तर आतील तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते. दोन्ही प्रकारांत सेल कायमचा बिघडतो आणि प्रसंगी पेटूही शकतो.

जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांत ही चिंता एवढी नव्हती. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकीत सहा सेल, म्हणजे रिक्षात एकूण २४ सेल असत. त्यांतील काही आधी भरले तरी चार्जिंग तसेच चालू ठेवता येई. भरलेल्या सेलमधील जादा वीज पाण्याचे विघटन करण्यात खर्च होई, वायू निघून जाई आणि तोवर मागे राहिलेले सेल भरून येत. मग डिस्टिल्ड वॉटर घातले की झाले. लिथियम सेलमध्ये असा मोकळा दरवाजा नाही. तो बंद डबा आहे आणि जादा विजेला वाट नाही. म्हणून समतोलाची व्यवस्था बाहेरून करावी लागते.

चार्जरला काय कळते ?

हे सर्व घरी सांगत असताना बाबांनी विचारले होते, “मंग चार्जरले हे समजत नाही का?” प्रश्न अगदी योग्य आहे. साध्या चार्जरला समजत नाही. त्याला दोन तारा असतात आणि त्याला केवळ एकूण दाब दिसतो. १६ सेल पूर्ण भरल्यावर एकूण दाब ५८.४ व्होल्ट झाला पाहिजे, एवढेच त्याला ठाऊक. आता पंधरा सेल ३.६३ व्होल्टवर आणि एक सेल ३.९५ व्होल्टवर असेल तरी बेरीज ५८.४ व्होल्टच येते. बेरीज बरोबर असूनही एक सेल धोक्यात असू शकतो.

प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवण्याचे काम पेटीतील एक लहान सर्किट करते. त्याला बॅटरी व्यवस्थापन प्रणाली किंवा बोलीभाषेत ‘बीएमएस’ म्हणतात. तिच्या बारीक तारा प्रत्येक सेलपर्यंत गेलेल्या असतात. कोणताही एक सेल मर्यादेला पोहोचला की ती सर्व पॅकचे चार्जिंग तोडते. कोणताही एक सेल रिकामा झाला की गाडी बंद करते. तिचे दुसरे काम म्हणजे समतोल राखणे.

समतोल राखण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग ‘निष्क्रिय’ म्हणून ओळखला जातो. चार्जिंगच्या शेवटी जो सेल इतरांच्या पुढे गेला असेल त्याच्या दोन टोकांत एक लहान रोध जोडला जातो. त्या सेलमधील थोडी वीज रोधात उष्णतेच्या रूपाने जळते आणि मागचे सेल त्याला गाठतात. घागरीच्या काठाशी एक बारीक भोक असावे व वरचे पाणी त्यातून ठिबकावे, तसे हे आहे. व्यवस्था स्वस्त आणि भरवशाची. परंतु तिचा प्रवाह फार लहान असतो. साध्या बीएमएसमध्ये तो ५० ते १०० मिलीअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा ते दहावा भाग, इतकाच असतो. तो वाढवला तर काय होईल? ५ अँपिअर ठेवला तर एका सेलमागे साडेसतरा वॅट उष्णता निर्माण होईल आणि सोळा सेलांची मिळून २८० वॅट. बंद पेटीत शेगडी ठेवण्याचाच तो प्रकार होईल.

दुसरा मार्ग ‘सक्रिय’. त्यात पुढे गेलेल्या सेलमधील वीज जाळत नाहीत, तर धारित्र किंवा तारेच्या वेटोळ्याच्या साहाय्याने ती मागच्या सेलला पोहोचवतात. भरल्या घागरीतून तांब्याने काढून उण्या घागरीत ओतावे, तसे. यात वीज फारशी वाया जात नाही आणि काही अँपिअरपर्यंत प्रवाह ठेवता येतो. मात्र रचना गुंतागुंतीची आणि महाग असते.

येथे लोह-फॉस्फेट सेलचा एक विशेष सांगितला पाहिजे. साधारण पाव भरल्यापासून पाऊणच्या पुढे जाईपर्यंत त्याचा दाब जवळजवळ एकाच पातळीवर, ३.२ ते ३.३५ व्होल्टच्या दरम्यान, राहतो. त्यामुळे मधल्या अवस्थेत दाब मोजून कोण पुढे आणि कोण मागे हे ओळखता येत नाही. चार्जिंगच्या अगदी शेवटी, सुमारे ३.४ व्होल्टच्या पुढे, दाब झपाट्याने चढतो आणि फरक स्पष्ट दिसतो. समतोलाचे काम तेव्हाच सुरू होते. म्हणजे चार्जिंगचा जो शेवटचा भाग आपल्याला वेळेचा अपव्यय वाटतो, तोच या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो.

घरचा अनुभव

गेल्या वर्षी आमच्या रिक्षाच्या बाबतीत हे सारे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. पॅक घेऊन वर्ष झाले होते. सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये ७५ किलोमीटर जाणारी गाडी ६० वर आली. मीटरवर दोन रेघा शिल्लक असताना ती भर रस्त्यात एकाएकी बंद पडू लागली. हमीची मुदत संपली होती आणि कर्जाचे १४ हप्ते बाकी होते. एका दुकानदाराने पेटी न उघडताच सांगितले की, पॅक गेला, नवीनच घ्यावा लागेल. नवीन पॅक घेणे म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवले नाही. पण माझी यंदाची फी आणि धाकट्या भावाचा अकरावीचा प्रवेश त्या एका वाक्यावर टांगला होता.

पुढे ओळखीच्या एका कारागिराने पॅक चार्ज करून पेटी उघडली व मल्टिमीटरने एकेक सेल मोजला. मी वहीत आकडे लिहून घेत होते. पंधरा सेल ३.४५ ते ३.६० व्होल्टच्या दरम्यान होते आणि अकराव्या क्रमांकाचा सेल ३.३२ वर. ते म्हणाले, “भाऊ, तुमचा पॅक चांगला हाये. एकच सेल मांगं पडला.” त्यांनी एका सेलचा छोटा चार्जर फक्त त्या अकराव्या सेलला जोडला. रात्रभरात, २ अँपिअरच्या प्रवाहाने दहा तासांत, त्याची २० अँपिअर-तासांची तूट भरून निघाली. गाडी पुन्हा सत्तरीच्या पुढे जाऊ लागली.

ही तूट पडली कशी? प्रत्येक सेलमधील वीज वापराविनाही अत्यंत सावकाश झिरपत असते आणि हा वेग सर्व सेलांत सारखा नसतो. पेटीच्या मध्यभागी असलेल्या सेलांना उष्णता अधिक लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात हा फरक आणखी वाढतो. वर्षभरात २० अँपिअर-तास, म्हणजे दिवसाला जेमतेम ५५ मिलीअँपिअर-तास. १०० मिलीअँपिअरच्या बीएमएसला एवढा फरक मिटवायला रोज सुमारे अर्धा तास पुरे झाला असता. पण तो अर्धा तास तिला कधी मिळालाच नाही. आमच्या घरी एकच मोठा प्लग आणि रिक्षा दोन, बाबांची व काकांची. रात्री नऊ ते दोन एक गाडी, दोन ते सात दुसरी. चार्जिंगचा शेवटचा टप्पा येण्याच्या सुमारास तार काढली जाई.

वर्षभर साचलेली ती तूट बीएमएसने एकदम भरून काढायची म्हटले असते, तर तिला उरलेल्या पंधराही सेलांतून प्रत्येकी २० अँपिअर-तास जाळावे लागले असते. त्याला २०० तास लागले असते आणि जवळजवळ एक युनिट वीज वाया गेली असती. तेच काम एका सेलला वेगळे भरून, एका युनिटच्या पंधराव्या भागात झाले.

मागे पडलेला आणि दुबळा

यातून एक भेद स्पष्ट होतो आणि माझ्या मते या विषयातील तोच मुख्य मुद्दा आहे. सेल मागे पडणे वेगळे आणि सेल दुबळा होणे वेगळे. मागे पडलेल्या सेलची क्षमता पूर्ण असते, फक्त तो पुरता भरलेला नसतो. समतोल राखल्याने तो इतरांच्या बरोबरीला येतो. दुबळ्या सेलची घागरच लहान झालेली असते. १०० ऐवजी त्याच्यात ८० अँपिअर-तासच मावतात. निष्क्रिय समतोलाने ती क्षमता वाढत नाही, तेथे सेलच बदलावा लागतो आणि तोही इतरांशी जुळणारा निवडून. बाहेरून पाहता दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात, दोहोंत गाडी लवकर थांबते. म्हणून एकेक सेल स्वतंत्रपणे मोजल्याखेरीज निकाल देऊ नये.

ज्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिली, त्या घरातील माणसांना हा भेद समजावून सांगणे मुळीच कठीण गेले नाही. ज्याला पुरते मिळाले नाही तो आणि ज्याच्यात कुवत नाही तो, यांत गल्लत होते हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे.

वापरणाऱ्यांसाठी

आता काही व्यावहारिक गोष्टी. आठवड्यातून निदान एकदा पॅक पूर्ण चार्ज होऊ द्यावा आणि चार्जरचा हिरवा दिवा लागल्यावरही दोन-तीन तास तार काढू नये. शेवटी चार्जिंग मध्येच थांबते आणि पुन्हा सुरू होते, ते अनेकदा समतोलाचेच काम चालू असल्यामुळे. लोह-फॉस्फेट सेल वापरणाऱ्या काही मोटारींच्या कंपन्याही आठवड्यातून एकदा पूर्ण चार्जिंग करण्यास सांगतात. हे चार्जिंग माणसे जागी असताना आणि मोकळ्या हवेत करावे.

चार्जर पॅकला नेमून दिलेलाच असावा. गाडी वारंवार बंद पडते म्हणून बीएमएस काढून तारा ‘डायरेक्ट’ करून देणारे लोक आहेत. ते कदापि करू देऊ नये. दुखणे सांगणाऱ्याचे तोंड बंद केल्याने दुखणे जात नाही. पेटी स्वतः उघडू नये. ५० व्होल्ट हा आकडा लहान वाटला तरी पान्याचा एक चुकीचा स्पर्श झाल्यास शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो.

या खबरदारीचे महत्त्व शासनानेही ओळखले आहे. २०२२ साली देशात अनेक ठिकाणी विजेवरच्या दुचाकी पेटल्या, त्यांत मार्च महिन्यात पुण्यात पेटलेली एक स्कूटरही होती. अशा आगींची कारणे निरनिराळी असतात. त्यानंतर एआयएस-१५६ या मानकात सुधारणा करून बॅटरी, बीएमएस आणि चार्जर यांविषयीचे नियम कडक करण्यात आले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. या मालिकेतील मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडून प्रकाशित होतात.

नियम झाले, सर्किटे आली, तरी पॅकचा रोजचा सांभाळ शेवटी तो वापरणाऱ्याच्या हाती असतो. रिक्षा चालवणाऱ्या, स्कूटरवरून घरोघरी सामान पोहोचवणाऱ्या हजारो माणसांसाठी बॅटरी हे घरातले सर्वांत महाग साधन आहे. तिच्यासोबत येणारी माहितीची चिठ्ठी त्यांना वाचता येईल अशा भाषेत असावी, ही मागणी काही मोठी नाही. ती पूर्ण होईपर्यंत आपल्यापैकी ज्यांना ती चिठ्ठी वाचता येते त्यांनी निदान आपल्या गल्लीतल्या चार जणांना तिचा अर्थ सांगावा. त्यासाठी विज्ञान शाखेतच असले पाहिजे असे नाही.